एका रिव्हेटला दोन माणसं लागतात: घरी विमान बांधतात म्हणजे नेमकं काय करतात

आमच्या फोंड्याच्या घरच्या ग्रुपवर दर चार-सहा महिन्यांनी तो एक फॉरवर्ड परत येतोच, केरळच्या माणसाने लॉकडाऊनमध्ये घरी विमान बनवलं आणि बायको-मुलींना घेऊन फिरून आला. बातमी खरी आहे. अशोक थामराक्षन हे इंग्लंडात राहणारे इंजिनियर, त्यांनी चार सीटचं विमान बांधलं, धाकट्या मुलीच्या नावावरून त्याला जी-दिया म्हटलं आणि २०२२ च्या जुलैत आपल्याकडच्या सगळ्या पेपरांत ते छापून आलं. पण दर वेळी खाली प्रश्न तेच. घरी म्हणजे कसं, पत्रा कापून? सरकार सोडतं कसं? पडलं तर? आणि शेवटी कोणीतरी लिहितं की हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. मला या विषयाचं कित्येक वर्षांपासून वेड आहे, आणि फोनवर एकेकाला सांगून दमलो, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतोय.

आधी हे बघूया की "घरी बनवलं" याचे तीन अर्थ होतात

एक, विमान स्वतःच डिझाईन करायचं. आपल्याला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे कांदिवलीचे कॅप्टन अमोल यादव, त्यांनी बिल्डिंगच्या गच्चीवर सहा सीटचं विमान उभं केलं, २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याला ते उडालं. यात आकडेमोडीपासून नटबोल्टपर्यंत सगळं स्वतःचं. मला विचाराल तर हा मार्ग फार म्हणजे फारच अवघड.

दुसरा मार्ग, दुसऱ्याने केलेले नकाशे विकत घ्यायचे आणि लाकूड, कापड, पत्रा आपण आणून त्यावरून बांधायचं.

तिसरा मार्ग किटचा, आणि आज जगात घरी बांधली जाणारी बहुतेक विमानं याच मार्गाने येतात. जी-दियासुद्धा किटच, दक्षिण आफ्रिकेच्या स्लिंग कंपनीचं. किट म्हणजे डिझाईन कंपनीचं, चाचण्या कंपनीच्या, आणि पत्रे वाकवून भोकं पाडून लाकडी खोक्यांतून तुमच्या दारात. पहिलं खोकं बहुतेक वेळा शेपटीचं असतं, कारण ती लहान असते आणि त्यात हात बसतो. मग पंख, मग मधला सांगाडा, शेवटी काच-सीट वगैरे, आणि इंजिन वेगळं विकत घ्यायचं. म्हणजे सगळे पैसे एकदम द्यावे लागत नाहीत, एक खोकं संपलं की पुढचं मागवायचं, जसं आमच्याकडे लोक घराचा स्लॅब एका वर्षी टाकतात आणि गिलावा दोन वर्षांनी.

वेळ किती? पत्र्याच्या दोन सीटच्या साध्या किटला दीड-दोन हजार तास सहज जातात. आठवड्याला दहा तास काढलेत तर तीन-चार वर्षं झाली. अर्ध्यावर सोडून देणारेही पुष्कळ असतात, त्यांची खोकी मग दुसरा कोणी घेतो आणि पुढे नेतो.

५१ टक्के म्हणजे काय भानगड आहे

अमेरिकेत, जिथे हा छंद सगळ्यात मोठा आहे, तिथला नियम असा की विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने स्वतः, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी घडवलेला आणि जोडलेला पाहिजे. बोलताना याला सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. हे ५१ टक्के पैशांचे नाहीत, वजनाचे नाहीत, तासांचेही नाहीत. तिथल्या विमान खात्याकडे, म्हणजे एफएएकडे, कामांची एक यादी असते, पंखाच्या फासळ्या जोडणं, टाकी बनवणं, कंट्रोलच्या तारा घालणं अशी, आणि त्यातली निम्म्याहून जास्त कामं हौशी हातांनी झालेली लागतात.

चवथीच्या नेवऱ्या घ्या. रवा, साखर, खोबरं, वेलची बाजारातून आली म्हणून कोणी म्हणत नाही की नेवऱ्या विकतच्या. सारण आपण परतलं, पारी आपण लाटली, मुरड आपण घातली, मग त्या घरच्याच. पण दुकानातून तयार नेवऱ्या आणून नुसत्या तळल्या तर आजी काय म्हणेल ते तुम्हाला माहीत आहे. नियमाचा विचारही आजीसारखाच आहे. इंजिन, प्रोपेलर, चाकं, कॉकपिटमधली यंत्रं ही साखर-वेलची, ती विकत आणली तर चालतात, ती घरी करायची अपेक्षाच नाही.

आता सरकार सोडतं कसं याचं उत्तरही इथेच आहे. विकायला काढलेल्या विमानाला सरकार डिझाईनचा पूर्ण दाखला देतं, त्यात वर्षं आणि कोट्यवधी जातात. घरी बांधलेल्याला "एक्सपेरिमेंटल" म्हणजे प्रायोगिक हा वेगळा वर्ग आहे. आत शिरताना दिसेल असा तो शब्द मोठ्या अक्षरात लिहावा लागतो, बरोबर बसणाऱ्याला वाचता येईल अशी पाटी लावावी लागते की हे विमान हौशी माणसाने बांधलंय आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम याला पूर्ण लागू नाहीत, आणि भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. नवं विमान सुरुवातीला ठराविक भागातच, वस्तीपासून लांब उडवून तपासायचं, साधारण ४० तास, आणि इंजिन-प्रोपेलरची जोडी आधीच दाखला मिळालेली असेल तर २५. बदल्यात एक मोठा हक्क मिळतो, बांधणारा अर्ज करून आपल्याच विमानाची दर वर्षीची तपासणी स्वतः करू शकतो, कारण त्याच्या पोटात काय आहे हे त्याच्याएवढं कोणाला माहीत असणार.

एक रिव्हेट जवळून बघूया

हे सगळं कागदावरचं झालं. मला हा विषय खरा कळला तो चिखलीला, आमच्या काकांच्या पडवीत. काकांनी आयुष्यभर विमानांच्या पत्र्याचं काम केलं, आता निवृत्त आहेत. मी एकदा त्यांना म्हटलं, काका, लोक घरी कसं काय करत असतील हो हे? ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि तळहाताएवढे ॲल्युमिनियमचे दोन तुकडे, एक रिव्हेट गन आणि एक लोखंडी ठोकळा घेऊन आले.

रिव्हेट म्हणजे टोपीवाला छोटा ॲल्युमिनियमचा खिळा, दोन पत्रे कायमचे शिवणारा. विमानाच्या अंगावर जो नेहमी वापरतात तो जेमतेम २.४ मिलिमीटर जाड असतो. दोन पत्र्यांच्या भोकातून तो घालायचा, टोपीच्या बाजूने गनचे ठोके द्यायचे आणि मागच्या बाजूला तो लोखंडी ठोकळा, त्याला बकिंग बार म्हणतात, घट्ट टेकवून धरायचा, म्हणजे मागचं शेपूट चेपून दुसरी टोपी तयार होते. विमानाच्या पंखात ही मागची बाजू आत असते, एका माणसाचे हात दोन्हीकडे पोचतच नाहीत. म्हणून एका रिव्हेटला दोन माणसं. किटवाल्यांच्या घरात बकिंग बार धरायला बायको असते, शेजारी असतो, मुलगी असते, आणि कित्येकदा तीच माणसं चार महिन्यांत मूळ माणसापेक्षा चांगली पारखी होतात.

काका म्हणाले, "धर तू, पण जोर लावू नको, नुसता टेकव, तो आपोआप नाचेल." पहिला रिव्हेट वाकडा बसला. दुसऱ्याला गन घसरली आणि पत्र्यावर चंद्रकोरीसारखा वण उठला, त्याला तिकडे स्मायली म्हणतात. तिसरा बरा वाटला तर काकांनी मोजपट्टी लावली. नियम असा की चेपलेली टोपी मूळ जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच पाहिजे, म्हणजे इथे ३.६ मिलिमीटर रुंद आणि १.२ उंच. माझी जास्तच चपटी झाली होती. काकांनी बारीक ड्रिलने टोपी पोखरली, रिव्हेट ठोकून बाहेर काढला, भोक बिघडलं नाही ना ते भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, परत. एका विमानात असे हजारो असतात. त्या दिवशी माझे अकरा झाले, त्यातले काकांनी चार ठेवले.

मग बातम्यांत जे आलं ते भोकांचं प्रकरण काय होतं

वॅन्स एअरक्राफ्ट ही अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातली कंपनी, रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली. तिच्या आरव्ही नावाच्या किटांतून बांधलेली दहा हजारांहून जास्त विमानं उडाली आहेत, या छंदातली ही सगळ्यात मोठी कंपनी. कोविडमध्ये लोक घरी बसले, ऑर्डरी प्रचंड वाढल्या, तेव्हा घाईत काही पत्र्यांची भोकं नेहमीसारखी पंचने न पाडता बाहेरून लेझरने कापून घेतली. आणि २०२३ मध्ये बांधणाऱ्यांना काही भोकांच्या कडेला केसासारख्या भेगा दिसायला लागल्या.

का? रिव्हेटची टोपी पत्र्यात बुडावी, वाऱ्याला अडू नये म्हणून भोकाभोवतीचा पत्रा दोन साच्यांत दाबून वाटीसारखा खोलगट करतात, त्याला डिंपल म्हणतात. दाबताना भोकाची कड ताणली जाते. लेझर जिथून कापायला सुरू करतो आणि जिथे येऊन थांबतो तिथे एक बारीकशी खाच राहू शकते. फरसाणाचं पाकीट आठवा. गुळगुळीत कडेने ते काही केल्या फाटत नाही, पण कडेला एवढीशी खाच असली की बोटाच्या जोराने सरळ फाटत जातं. ताण सगळा त्या खाचेपाशी येऊन बसतो. पत्र्याचं तेच होतं, आणि विमानाचा पत्रा तर प्रत्येक उड्डाणात थरथरतो, ताणतो, सैल होतो.

कंपनीने चाचण्या केल्या आणि सांगितलं की यातले बरेच भाग वापरले तरी चालतील, काही मात्र बदला. इंजिनियरिंगच्या हिशेबाने ते बरोबर असेलही. पण तुम्ही विचार करा, दोन वर्षं खपून बांधलेला पंख आणि त्यात मुलाला बसवून उडायचंय, तेव्हा "चालेल" एवढं पुरतं का? लोकांना बदलूनच हवे होते आणि मला ते अगदी पटतं. कंपनीवर भाग परत करून देण्याचा प्रचंड बोजा आला, त्यात आधीच्या जुन्या भावात घेतलेल्या ऑर्डरी आणि वाढलेला खर्च, आणि ४ डिसेंबर २०२३ ला तिने चॅप्टर ११ चा अर्ज केला.

चॅप्टर ११ म्हणजे दिवाळं ना? पैसे बुडाले का?

दिवाळं, पण टाळं लावायचं नाही असं. कोर्टाच्या देखरेखीखाली दुकान चालू ठेवायचं आणि ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांच्याशी नवा हिशेब मांडायचा. ज्यांनी ॲडव्हान्स भरला होता त्यांची अवस्था मात्र वाईट झाली, कारण ॲडव्हान्स म्हणजे कायद्याने बिनतारण उधारी, रांगेत बँकेच्या मागे उभं राहायचं. त्यांना सांगितलं गेलं की नव्या, वाढलेल्या भावाने करार परत करा, मग तुमचा ॲडव्हान्स त्यात धरू. भाव साधारण एक तृतीयांशाने चढले होते. संस्थापकांनी स्वतःचे पैसे कंपनीत घातले, बहुतेक गिऱ्हाइकांनी कुरकुरत का होईना सही केली आणि २०२४ मध्ये कंपनी यातून बाहेर आली.

ज्यांनी सही केली ते मूर्ख नव्हते. त्यांच्या गॅरेजमध्ये शेपूट आणि एक पंख तयार होऊन उभा होता, पुढचं खोकं आलं नाही तर त्या सगळ्याचं भंगार. यातून एक गोष्ट सगळ्यांनी घ्यावी, फक्त विमानवाल्यांनी नाही. मोठा ॲडव्हान्स भरताना विचारा की हे पैसे वेगळ्या खात्यात राहणार की कंपनीच्या रोजच्या खर्चात जाणार.

खरं सांगा, धोका आहे की नाही?

आहे, लपवायचं कशाला. अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने २०१२ मध्ये यावर मोठा अभ्यास काढला. २०११ मध्ये घरी बांधलेली विमानं तिथल्या खासगी आणि छोट्या विमानांच्या ताफ्यात साधारण १० टक्के होती, पण अपघातांत १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. आकडा वाईट आहे. पण पुढचं वाचल्याशिवाय तो अर्धवट कळतो. पंख निखळून पडणं हे मुख्य कारण नव्हतं. इंजिन बंद पडणं आणि पायलटच्या हातातून विमान सुटणं ही मोठी कारणं. कित्येक अपघात विमानाच्या अगदी सुरुवातीच्या उड्डाणांत झालेले. आणि अपघात झालेल्यांतली निम्म्याहून जास्त विमानं चालवणाऱ्याने स्वतः बांधलेली नव्हतीच, दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती, म्हणजे पोटातलं माहीत नसताना आणि त्या विमानाचा हात बसलेला नसताना.

यावर या मंडळींनी जे उत्तर शोधलंय ते मला फार आवडतं, दुसऱ्याचे डोळे. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे ईएए, ही संघटना १९५३ मध्ये पॉल पोबेरेझनी यांनी विस्कॉन्सिन राज्यात सुरू केली. आज तिच्या गावोगावी मिळून ९०० च्या आसपास शाखा आहेत. शाखेत टेक्निकल काउन्सेलर असतो, ज्याने स्वतः बांधलंय असा जुना जाणता, तो फुकट तुमच्या घरी येतो, पंखाचा पत्रा बंद करायच्या आधी आत टॉर्च मारून बघतो आणि सांगतो की ही वायर घासते आहे, हा नट लॉक केलेला नाही. तसाच फ्लाइट ॲडव्हायझर, तो विचारतो की बाबा, पहिलं उड्डाण तू का करतोयस, या जातीचं विमान तू किती तास चालवलंयस? चार वर्षं एकट्याने खपलेल्या माणसाला हे विचारणारं कोणीतरी लागतंच.

दर जुलैत ओशकोश गावी यांची जत्रा भरते, आठवडाभर, दहा हजारांच्या आसपास विमानं आणि सहा लाखांवर माणसं. आपली जत्रा असते तशीच, तंबू टाकून विमानाच्या पंखाखाली झोपतात. २०१४ मध्ये तिथे सात दिवसांत एक पूर्ण झेनिथ विमान बांधून उभं केलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून एक-एक रिव्हेट मारायला लावला.

आणि हे मोझॅक काय नवीन आलंय?

२२ जुलै २०२५ ला त्याच ओशकोशला अमेरिकी सरकारने हे नवे नियम जाहीर केले. तिकडे स्पोर्ट पायलट नावाचं सोपं लायसन्स आहे, त्याला पायलटची वेगळी मेडिकल लागत नाही, गाडीचं लायसन्स चालतं. आधी त्यावर फक्त साधारण ६०० किलोपर्यंतची, दोन सीटची विमानं उडवता यायची. आता वजनाची ती अट गेली आणि स्टॉलचा वेग आला. स्टॉल म्हणजे ज्या वेगाखाली पंख विमानाला उचलून धरायचं सोडतात. तो वेग ५९ नॉट म्हणजे ताशी साधारण १०९ किलोमीटर किंवा कमी असेल तर चालेल, सीटा चार असल्या तरी बरोबर प्रवासी एकच. हे बदल २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू. यामागचा विचार शहाणपणाचा आहे, जमिनीला टेकताना जेवढा वेग कमी तेवढी वाचायची शक्यता जास्त, वजनाने ते कळत नाही, उलट वजनाच्या मर्यादेपायी विमानं नाजूक करावी लागायची.

घरी बांधलेली बरीच विमानं आता या लायसन्सवर येतात, म्हणजे साठीतला बांधणारा मेडिकलच्या भीतीने विमान विकणार नाही. दुसरा बदल जुलै २०२६ पासूनचा, कंपन्यांना अशी मोठी विमानं सोप्या नियमांत तयारच विकता येणार. मग किट कोण बांधेल असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. बाजारात तयार नेवऱ्या कधीपासून मिळतात.

हे गोव्यात होईल का?

आजच्या घडीला उडवणं कठीण आहे. दाबोळी नौदलाचं, मोपा मोठ्या प्रवासी विमानांचं, हौशी माणसाने आपलं छोटं विमान घेऊन सकाळी चक्कर मारावी अशी जागा दोन्हीकडे नाही. वर समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस, ॲल्युमिनियमला बुरशीसारखा पांढरा गंज धरतो, प्रत्येक तुकडा प्रायमर मारूनच जोडावा लागेल. आणि डीजीसीएच्या, म्हणजे आपल्याकडच्या विमान खात्याच्या, कागदपत्रांत एकट्या माणसाची किती वर्षं जाऊ शकतात हे यादव यांच्या गोष्टीत सगळ्यांनी पाहिलंय.

खर्चाचा चोचल्यांवाला मुद्दाही मी उडवून लावत नाही, जी-दियाचा खर्च आपल्या पेपरांनी १.८ कोटी रुपये छापला होता. पण सगळीच किटं तेवढ्याची नसतात, आणि आपल्याच शेजारी बंगळुरूत राज हंस नावाची कंपनी कापडी पंखांची एक्स-एअर ही हलकी विमानं बनवते, त्यांच्या एका विमानाचं नाव हनुमान आहे आणि त्याची किटं परदेशी लोकांनी घरी नेऊन जोडली आहेत.

बांधायला लागणारे हात तर गोव्यात खूप आहेत, हे मी मनापासून म्हणतो. दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावरचे नरकासुर बघा, मोटर लावून मान हलवणारे, लोखंडी सांगाड्यावर वीस फूट उभे, पोरं महिनाभर रात्री जागून वेल्डिंग करतात आणि पहाटे जाळून टाकतात. फायबरच्या होड्या बनवणारे आहेत, वास्कोत जहाजांवर काम केलेले आहेत, आमच्या काकांसारखे निवृत्त लोक आहेत ज्यांचं कसब पडवीत पडून आहे. एखाद्या आयटीआयच्या शेडमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी नुसती शेपटी बांधायला घेतली, उडवायचा विचारही न करता, तरी दहावीच्या मुलाला जे कळेल ते वर्गात कळणार नाही.

सुरुवात मात्र फार स्वस्तात होते. किटवाले सरावासाठी छोटे संच विकतात, पत्र्याची पेटी किंवा हातभर लांबीचा पंखाचा तुकडा. तेही नको असेल तर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या पुरतात. काकांकडे हल्ली शनिवारी शेजारची एक नववीतली मुलगी येते, बकिंग बार तीच धरते, गन काका चालवतात. गेल्या शनिवारी मी गेलो तेव्हा काकांनी एक रिव्हेट मारून "झाला" म्हटलं आणि पुढच्याकडे वळले, तर ती म्हणाली, "थांबा काका, हा तिरका गेलाय." काकांनी चष्मा लावून, मोजपट्टी लावून पाहिलं आणि काही न बोलता ड्रिल तिच्या हातात दिलं.